कापडातलं काहीच न कळणारा रेल्वेचा माणूस जमशेदजी टाटांनी नागपूरच्या गिरणीचा मॅनेजर केला, आणि ते जमलं कसं?

मोठ्या कंपनीत नोकरी करत असाल तर पीअर लर्निंग हा शब्द कधी ना कधी कानावर पडला असेल. एचआरचा मेल येतो. दहा-बारा टीम लीडर एका खोलीत बसतात. बाहेरून आलेला ट्रेनर लेक्चर द्यायचं सोडून तुम्हालाच एकमेकांचे प्रॉब्लेम सोडवायला सांगतो. मध्ये चहा-बिस्किटं होतात.

कल्पना साधी आहे. बरोबरीच्या माणसांनी एकमेकांकडून शिकायचं, आणि त्यातूनच पुढे टीम सांभाळणारी माणसं तयार करायची.

आता जरा मागे चला. साल १८७४, गाव नागपूर. एचआर नाही, मॅनेजमेंट कॉलेज नाही, ट्रेनर तर नाहीच नाही. एका ३५ वर्षांच्या पारशी व्यापाऱ्याला इथे सुताची आणि कापडाची मोठी गिरणी काढायची आहे. हजारो चात्या फिरवायच्या आहेत, शेकडो माग चालवायचे आहेत. आणि गिरणी चालवायचा अनुभव असलेला मॅनेजर या भागात औषधालाही सापडणार नाही.

त्या व्यापाऱ्याचं नाव जमशेदजी नसरवानजी टाटा.

जमशेदजी म्हटलं की आपल्याला ताज हॉटेल आठवतं, जमशेदपूर आठवतं. बंगळुरूची सायन्स इन्स्टिट्यूट आठवते. पण यातल्या बहुतेक गोष्टी त्यांच्या आयुष्याच्या शेवटी किंवा मृत्यूनंतर झाल्या. माणसं घडवायची पद्धत ते शिकले ती नागपुरात, जुम्मा तलावाच्या काठावर. आणि ही गोष्ट नागपूरच्या बाहेर फारशी सांगितली जात नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी पुरोहितांचं. वडील नसरवानजींनी ती वाट सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. जमशेदजी मुंबईला आले, एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकले आणि १८५८ च्या सुमारास बाहेर पडून वडिलांच्या धंद्यात लागले. पुढच्याच वर्षी त्यांची रवानगी हाँगकाँगला झाली.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सगळी मुंबई कापसाच्या आणि शेअर्सच्या मागे धावत सुटली. टाटांची पेढीही त्यात होती. जमशेदजींना लंडनला पाठवलं होतं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि लंडनमध्ये बसलेल्या या तरुणाच्या हातात नुसती कागदं उरली.

इथे पळून जाणं सोपं होतं. जमशेदजी देणेकऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि पेढीची खरी अवस्था त्यांनी सांगून टाकली. त्याचा परिणाम असा झाला की लंडनमधला कारभार गुंडाळून देणी फेडायचं काम देणेकऱ्यांनी त्यांच्याकडेच सोपवलं. वर महिन्याला २० पौंड पगारही दिला! स्वतःच्याच बुडालेल्या पेढीचा पगारी अवसायक होण्याची वेळ फार कमी लोकांवर येत असेल.

पुढे ॲबिसिनियाच्या मोहिमेवर गेलेल्या ब्रिटिश फौजेला रसद पुरवायच्या कंत्राटात घराण्याने पुन्हा पैसा कमावला. १८६८ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, जमशेदजींनी २१,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. आजचा टाटा समूह आपला वाढदिवस धरतो तो याच वर्षापासून. मग त्यांनी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिची कापडगिरणी केली, अलेक्झांड्रा असं नाव दिलं आणि दोनेक वर्षांत नफा घेऊन विकून टाकली.

इथपर्यंत ही एका हुशार व्यापाऱ्याची गोष्ट आहे. यानंतर ते लँकेशायरला गेले. कापूस आत जातो आणि कापड बाहेर येतं त्या मधल्या प्रवासात नेमकं काय होतं, हे तिथे नीट पाहून आले.

परत आल्यावर त्यांनी जे केलं ते मुंबईच्या लोकांना वेडेपणाचं वाटलं.

त्या काळात गिरणी म्हणजे मुंबई हे समीकरण होतं. बंदर इथे, बँका इथे, मजूर इथे. जमशेदजींचा हिशेब वेगळा होता. कापूस पिकतो वऱ्हाडात. तो मुंबईला न्यायचा, तिथे कापड करायचं आणि तेच कापड पुन्हा आतल्या मुलखात विकायला आणायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला? नागपूरला १८६७ मध्ये रेल्वे आली होती. वरोऱ्याला कोळसा निघत होता. पाण्यासाठी शहरात तलाव होता. १८६१ पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, म्हणजे सरकारी कचेऱ्याही हाताशी होत्या.

१८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी स्थापन झाली. भांडवल १५ लाख रुपये. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली आणि त्यात भराव टाकायला सुरुवात झाली. हाच तो शुक्रवारी तलाव, आजचा गांधीसागर.

हा भराव बघून नागपूरच्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिल्याची गोष्ट सांगतात. जो माणूस खड्ड्यात सोनं ओततोय त्याला कोण कर्ज देणार, असा त्याचा सवाल होता. पुढे गिरणी नफ्यात आल्यावर त्याच सावकाराने कबूल केलं म्हणे, की टाटांनी जमिनीत माती टाकली आणि सोनं बाहेर काढलं.

आता येतो मूळ मुद्दा. जागा मिळाली, यंत्रं मागवली. गिरणी चालवणार कोण?

जमशेदजींनी निवडलेले बेझनजी दादाभाई मेहता हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले अधिकारी. सूत, माग, धोटा यांच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. माणसं कशी हलवायची, माल वेळेवर कसा पोचवायचा आणि हिशेब कसा चोख ठेवायचा, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरे होते जेम्स ब्रुक्सबी, लँकेशायरच्या तालमीत तयार झालेले यंत्रांचे जाणकार. यंत्राबद्दल त्यांना विचारायचं. नागपूरची माणसं, इथला बाजार, इथलं ऊन यांच्याशी मात्र त्यांची ओळख शून्यापासून होणार होती.

आणि तिसरे स्वतः जमशेदजी. त्यांना कापसाचा व्यापार कळत होता. चीनपासून इंग्लंडपर्यंतची गिऱ्हाइकं त्यांनी पाहिली होती. रोजची गिरणी चालवायला मात्र त्यांना या दोघांचीच गरज होती.

म्हणजे तीन माणसं, प्रत्येकाकडे एक तृतीयांश ज्ञान. यातल्या कुणालाही दुसऱ्याला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं. जमशेदजींनी असा माणूस मुद्दाम निवडला, की नाइलाज म्हणून? थोडं दोन्ही असावं. कापडातला तयार मॅनेजर आणायचा तर तो मुंबईतून किंवा विलायतेतून आणावा लागला असता, आणि तो आपल्या सवयींसकट आला असता. मेहतांकडे सोडून द्यावी अशी जुनी सवयच नव्हती.

याला पीअर लर्निंग म्हणणं म्हणजे जुन्या बरणीवर आजचं लेबल चिकटवणं आहे. पण बरणीतला माल तोच आहे.

हे का चालतं, याचं उत्तर बऱ्याच वर्षांनी ब्रिटनच्या कोळसा खाणींत सापडलं. रेग रेव्हन्स नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात तिथल्या कोळसा उद्योगात प्रशिक्षणाचं काम बघत होते. त्यांच्या लक्षात आलं की खाणीच्या मॅनेजरला वर्गात बसवून शिकवलं तर फारसा फरक पडत नाही. पण चार खाणींचे मॅनेजर एकत्र बसले, एकमेकांच्या खाणी बघून आले आणि आपली खरी अडचण त्यांनी मांडली, तर काम सुधारतं. कारण ज्याच्यावर तीच जबाबदारी आहे तो विचारतो ते प्रश्न वेगळे असतात. या पद्धतीला पुढे ॲक्शन लर्निंग हे नाव पडलं आणि ती जगभरच्या मॅनेजमेंट ट्रेनिंगमध्ये गेली. (कोळशाचा विषय निघालाच आहे तर, वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आज नागपुरातच आहे.)

रेव्हन्स यांच्या पद्धतीत एक अट असते. प्रश्न खरा हवा आणि त्याचं उत्तर आधीपासून कुणाकडेच नको. जमशेदजींच्या नागपूरमध्ये अशा प्रश्नांची कमी नव्हती.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्तानची सम्राज्ञी जाहीर करण्याचा दरबार भरला होता, म्हणून गिरणीचं नाव पडलं एम्प्रेस मिल. सुरुवातीला सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग होते.

आणि लगेच दुखणी सुरू झाली. पहिली यंत्रसामग्री स्वस्तातली होती, ती धड चालेना. जमशेदजींनी चूक झाकत न बसता हळूहळू ती बदलून टाकली. दुसरं दुखणं माणसांचं. रोज ठरल्या वेळी भोंग्यावर कामाला यायचं, हा प्रकार नागपूरच्या लोकांना नवा होता. शेतीची कामं असायची, सणवार असायचे, लग्नं असायची. एखाद्या दिवशी पाचातला एक माणूस आलेलाच नसे.

मुंबईचे गिरणीमालक अशा वेळी दंड करायचे. एम्प्रेसमध्ये भर दिला गेला तो माणूस टिकवण्यावर. चांगली हजेरी आणि चांगलं काम यांसाठी बक्षिसं सुरू झाली. वर्षातून एकदा सोहळा करून घड्याळं, सोन्याच्या साखळ्या, कापड आणि रोख रक्कम वाटली जायची. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये कामावर अपघात झाला तर भरपाई मिळण्याची सोय झाली. कायद्याने ही सोय बंधनकारक व्हायला १९२३ साल उजाडावं लागलं.

कुणी म्हणेल, हा तर दानधर्म झाला, यात शिकण्याचा काय संबंध? तर संबंध असा. गिरणीतलं काम पुस्तकातून शिकता येत नव्हतं. नवा माणूस जुन्याच्या शेजारी उभा राहायचा, तुटलेला धागा तो कसा जोडतो ते बघायचा, मग स्वतः जोडून बघायचा. शेजारचा माणूस दर दोन महिन्यांनी गावी निघून गेला की हे शिकणंच तुटायचं. माणूस वर्षानुवर्षं टिकला तरच शहाणपण एका हातातून दुसऱ्या हातात जाणार. पेन्शनचा आकडा आणि कापडाचा दर्जा यांची गाठ इथे पडते.

एकमेकांकडून शिकण्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र यंत्राची आहे.

त्या काळी सूत कातायला थ्रॉसल आणि म्यूल ही यंत्रं वापरली जायची. म्यूल चालवायला फार कसबी माणूस लागायचा आणि लँकेशायरला आपल्या म्यूलचा मोठा अभिमान होता. तेवढ्यात रिंग फ्रेम नावाचं नवं यंत्र आलं. ते जास्त वेगाने सूत काढायचं आणि चालवायला तुलनेने सोपं होतं. खुद्द इंग्लंडमध्ये त्याबद्दल नाकं मुरडली जात होती.

ब्रुक्सबी रजेवर मायदेशी गेले होते, तिथून त्यांनी हे यंत्र आणलं. १८८३ च्या सुमारास नागपुरात त्याच्या चाचण्या झाल्या. इथल्या आखूड धाग्याच्या कापसावर ते चालतं का, इथल्या कामगाराच्या हाताला ते बसतं का, हे लँकेशायरमध्ये बसून कुणीच सांगू शकत नव्हतं. चालवूनच बघायचं होतं. ते चाललं. जमशेदजींनी मग जुनी यंत्रं काढून रिंग बसवायचा निर्णय घेतला. त्यांना नेहमी यंत्रं पुरवणारी ओल्डहॅमची प्लॅट कंपनी रिंग बनवायला तयार होईना, तेव्हा त्यांनी ऑर्डर दुसऱ्या कंपनीला देऊन टाकली.

यात मोठेपणा कुणाचा? यंत्र ब्रुक्सबींचं, ते गिरणीच्या रोजच्या कामात बसवणं मेहतांचं, पैसा आणि धोका जमशेदजींचा. नागपूरची गिरणी रिंगवर गेली तेव्हा लँकेशायरमधल्या बहुतेक गिरण्या म्यूललाच धरून होत्या, आणि पुढची कित्येक वर्षं धरून राहिल्या.

एम्प्रेसचा पसारा वाढत गेला, पुढे एकाच्या पाच गिरण्या झाल्या. मग प्रश्न आला, उद्याचे मॅनेजर कुठून आणायचे? जमशेदजींनी शिकलेल्या तरुणांना उमेदवार म्हणून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा शिकलेला मुलगा म्हणजे कारकून किंवा वकील होणार हे ठरलेलं असायचं. तेलाने हात बरबटून घ्यायला तो तयार होणं हीच मोठी गोष्ट होती. या उमेदवारांना खात्याखात्यांतून फिरवून काम शिकवलं जायचं. एम्प्रेसमध्ये शिकलेली माणसं पुढे इतर गिरण्यांमध्येही गेली. आपला माणूस दुसऱ्याने पळवला म्हणून बोटं मोडणाऱ्यांसाठी हा मोठा तोटा. पण देशभर गिरण्या चालवणारी देशी माणसं तयार व्हायची असतील तर दुसरा रस्ता नव्हता.

या सगळ्याची परीक्षा नागपुरात झाली नाही, ती कुर्ल्याला झाली.

१८८६ मध्ये जमशेदजींनी कुर्ल्याची धरमसी मिल लिलावात विकत घेतली, साडेबारा लाखांना. नाव ठेवलं स्वदेशी. आणि मग कळलं की यंत्रं भंगार आहेत, सूत हलकं निघतंय, शेअर्सचा भाव पडतोय आणि बाजारात टाटांच्या नावाला बट्टा लागतोय. जमशेदजींनी पैशासाठी एम्प्रेसचे स्वतःचे शेअर्स विकले. पण नुसत्या पैशाने गिरणी सुधारत नसते. त्यांनी नागपूरची अनुभवी माणसं कुर्ल्याला आणली. जे शहाणपण दहा वर्षांत जुम्मा तलावाच्या काठावर साठलं होतं, ते माणसांच्या अंगाखांद्यावरून मुंबईत आलं. स्वदेशी मिल सावरायला वेळ लागला, पण ती सावरली आणि तिचं सूत पूर्वेकडच्या बाजारात नाव कमावून बसलं.

आतापर्यंत गोष्ट गोड चालली आहे. पण ती इतकीच सांगून थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल.

भारतातल्या कामगार चळवळीचा इतिहास उघडा. सुरुवातीच्या पानांवरच एक नोंद दिसते. १८७७, नागपूर, एम्प्रेस मिल, मजुरीच्या दरावरून संप. देशातल्या कापडगिरण्यांमधल्या अगदी पहिल्या नोंदल्या गेलेल्या संपांमध्ये तो गणला जातो. म्हणजे गिरणी सुरू झाली त्याच वर्षी कामगारांनी काम थांबवून दाखवलं.

एकमेकांकडून शिकण्याचं जे वर्तुळ जमशेदजींनी आखलं होतं, त्यात मालक होते, मॅनेजर होते, इंजिनिअर होते, शिकलेले उमेदवार होते. कामगाराला घड्याळ मिळत होतं, साखळी मिळत होती, पेन्शनही मिळणार होतं. पण मजुरी किती असावी, या चर्चेत त्याची खुर्ची नव्हती. त्या काळात ती कुठल्याच गिरणीत नव्हती, हे खरं आहे. तरी जो मालक यंत्राबद्दल ब्रुक्सबींचं ऐकत होता आणि कारभाराबद्दल मेहतांचं, त्याला मजुरीबद्दल कामगाराचं ऐकायची पद्धत सुचली नाही, हेही तितकंच खरं आहे.

शिवाय गिरणीतलं शिकणं सगळ्यांना सारखं खुलं नव्हतं. त्या काळच्या गिरण्यांमध्ये नव्या माणसाला काम मिळायचं ते जॉबरच्या हातून. जॉबर आपल्या नात्यातला, गावातला, जातीतला माणूस आणायचा, वर दस्तुरीही घ्यायचा. मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणाई खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींना घेतच नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. विणाईत पैसा जास्त होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपाच्या वेळी हाच मुद्दा लावून धरला होता. शेजाऱ्याकडून शिकायचं म्हटलं, तर आधी शेजारी उभं राहू द्यायला हवं ना.

मग कामगारांनी आपली वेगळी शाळा काढली. मुंबईत गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, संघटना बांधली. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती या धडपडीतून. लोखंडेंना कुणी लीडरशिप ट्रेनिंग दिलं नव्हतं. कामगार कामगारांकडून शिकले. नागपुरातही पुढे आर. एस. रुईकरांसारख्या पुढाऱ्यांच्या काळात गिरणी कामगारांची युनियन शहराच्या राजकारणातली एक ताकद बनली.

जमशेदजींच्या पुढच्या कामात ही एकमेकांवर उभं राहायची कल्पना आणखी एका ठिकाणी दिसते.

१८९२ मध्ये त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी जे. एन. टाटा एंडाउमेंट सुरू केलं. ही फुकटची स्कॉलरशिप नव्हती, ते कर्ज होतं. शिकून आलात, कमवायला लागलात की पैसे परत करायचे, त्यातून पुढचा विद्यार्थी जाणार. आधीच्या बॅचने नंतरच्या बॅचचं तिकीट काढायचं, असा हा सरळ मामला. आणि सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये दोन महिला डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. १८९० च्या दशकात, जेव्हा मुलींनी शाळेत जावं की नाही यावरच वाद चालू होते!

नागपूरने जमशेदजींना आणखी एक वेड लावलं, ते म्हणजे लोखंडाचं. १८८२ मध्ये त्यांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथे लोहखनिज आहे आणि जवळ वरोऱ्याचा कोळसा आहे, असा त्याचा विषय. जमशेदजींनी हा कोळसा तपासून घेतला, पण तो पोलाद बनवायला उपयोगाचा ठरला नाही. सरकारी नियमही आडवे आले. पुढची जवळपास २० वर्षं त्यांनी हा नाद सोडला नाही. स्वतःला यातलं कळत नाही हे त्यांना मान्य होतं, म्हणून साठी ओलांडल्यावर अमेरिकेत जाऊन पोलादाचे कारखाने बघितले, तिथल्या इंजिनिअरांना प्रश्न विचारले. रेल्वेच्या माणसाने कापड शिकावं अशी अपेक्षा ठेवणारा मालक म्हातारपणी स्वतः पोलाद शिकत होता.

१९०४ च्या सुमारास त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपूरच्या सचिवालयात आले होते. लोहाऱ्याचा नाद आता सोडावा लागतोय, हे कळवायला. ज्या अधिकाऱ्याला भेटायचं होतं ते जागेवर नव्हते. वेळ काढायला म्हणून दोराबजी समोरच्या म्युझियममध्ये शिरले. हेच नागपूरकरांचं अजब बंगला. तिथे भिंतीवर एक भूगर्भाचा नकाशा होता आणि त्यावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाचा रंग गडद दिसत होता. तिथून शोध पुढे सरकला. शेवटी टाटांचा कारखाना उभा राहिला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. दुर्गच्या त्या लोखंडावर स्वातंत्र्यानंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला.

जमशेदजींनी यातलं काहीच पाहिलं नाही. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नौहाइम इथे त्यांचं निधन झालं. इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे.

टाटा समूहाने नंतर या जुन्या सवयीला संस्थेचं रूप दिलं. १९५६ मध्ये टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू झाली. त्यात निवडलेल्या तरुणांना समूहाच्या वेगवेगळ्या कंपन्यांत फिरवून तयार केलं जातं. १९६६ मध्ये पुण्यात टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर आलं. तिथे एका कंपनीचा मॅनेजर दुसऱ्या कंपनीच्या मॅनेजरशेजारी बसतो. चहा देणाऱ्या कंपनीचा माणूस पोलादवाल्याला प्रश्न विचारतो. मेहता आणि ब्रुक्सबी यांचीच जोडी, फक्त एसी खोलीत.

आणि एम्प्रेस मिल? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती तोट्यात गेली. १९८६ मध्ये टाटांच्या हातून सुटून ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद पडली. हजारो कुटुंबांची रोजी गेली. पिढ्यानपिढ्या शेजारी उभं राहून शिकलेलं काम घरी बसलं. गांधीसागरजवळच्या त्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल आहे.